आत्याबाई, चढू का?

फेलेतीकाका अठरा वर्षं त्या लोखंडी खांबावर चढला, आणि एकदाही न विचारता चढला नाही. फोनच्या कंपनीला नाही विचारायचा. कंपनीला काय विचारायचं, कंपनीनंच तर कामाला ठेवलेला. तो विचारायचा कालोलाइने आत्याला. खांबाच्या बुडाशी उभा राहून, पिवळं हेल्मेट काढून हातात धरून, मान खाली घालून मोठ्यानं ओरडायचा, "आत्याबाई, चढू का?"

आणि उत्तर येईपर्यंत तसाच उभा. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. एकदा आत्याचा डोळा लागला होता तर हा दुपारभर उभा होता, आणि तेवढा वेळ आख्ख्या फोनुआसी बेटाचे फोन बंद.

आता बापाची बहीण म्हणजे आपल्या टोंगाच्या बेटांवर सगळ्यात वर. बापाच्या वर, काकांच्या वर, पाद्र्याच्या जराशी खाली, ते पण रविवारपुरतंच. तिच्यापुढं भाच्यानं उभं राहून बोलायचं नाही. तिच्या डोक्याच्या वर तर काहीच करायचं नाही, साधा हात पण न्यायचा नाही. फेलेतीकाकाच्या बापाला ही एकच बहीण, आणि काकाला बहीण नाहीच. म्हणजे घरातला सगळा मान त्या एकाच बाईवर येऊन बसलेला. बाई दिसायला कोंबडीएवढी. दारात केवड्याच्या पानांची चटई विणत बसायची. पण ती खोकली तरी माणसं लुंग्या सावरून खाली बसायची.

काकाचं नावसुद्धा तिनंच ठेवलं, तेही रेडिओवरून. तेव्हा बेटावर फोन हा प्रकारच नव्हता. राजधानीत रेडिओ होता. कुणाला निरोप द्यायचा तर तिथं चिठ्ठी नेऊन द्यायची, संध्याकाळी एक बाई ती वाचून दाखवायची. निरोप एकाचा आणि कान सगळ्या बेटांचे. काकाचा बाप तेव्हा राजधानीत बंदरावर कामाला होता. त्यानं बहिणीला निरोप टाकला. रेडिओवरची बाई गोड आवाजात वाचते, "फोनुआसीच्या कालोलाइनेसाठी निरोप. डुकरीण व्याली, नऊ पिल्लं. बायको पण व्याली, एक मुलगा. सगळे खुशाल."

सगळ्या बेटांनी ऐकलं. लोक आत्याकडे आले ते आधी डुकरिणीची चौकशी करायला. आत्यानं दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं उलट निरोप पाठवला, आणि तो पण सगळ्यांनी ऐकला. "मुलाचं नाव फेलेती ठेवा. पिल्लांना नावं ठेवू नका, ती खायची आहेत."

काका म्हणायचा, मी तर हवेतूनच आलो. म्हणून मग जन्मभर हवेतलंच काम केलं.

मोठा झाल्यावर काका बेटावर आला तो परत गेला नाही. किनाऱ्यावर पत्र्याची खोली होती, तिच्यात बोलायचं यंत्र. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, आणि आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, नाहीतर समोरच्याला कळत नाही की आता त्याची पाळी. काका त्या यंत्रावर बसायचा. पंधरा वर्षं बसला. त्यामुळं त्याला सवयच लागली, घरीदारी पण म्हणायचा. "मीठ कमी आहे, ओव्हर." चर्चमध्ये प्रार्थना संपली की सगळे आमेन म्हणायचे आणि मागून हळूच 'ओव्हर' ऐकू यायचं.

सेइनीकाकू तशीच मिळाली त्याला. ती दुसऱ्या बेटावरच्या यंत्रावर बसायची. दोन वर्षं दोघं एकमेकांना वादळाची खबर देत होते, तोंड कुणी कुणाचं बघितलेलं नाही. एक दिवस काका वाऱ्याचा जोर किती ते सांगता सांगता घाम पुसून म्हणाला, "आणि तू माझ्याशी लग्न करशील का, ओव्हर."

पलीकडं काहीच नाही. खरखर नुसती. काकाला वाटलं यंत्र गेलं, यंत्रावर एक थाप मारली. तेवढ्यात भलताच आवाज आला, जाड, कुठल्यातरी मासेमारीच्या होडीतून. "अगं पोरी, हो म्हण की लवकर, इथं जाळं टाकायचं थांबवलंय आम्ही, ओव्हर."

मग काकू हो म्हणाली. पाठोपाठ सात होड्यांनी अभिनंदन केलं आणि एकानं वाऱ्याचा जोर परत विचारला.

नंतर आला खांब. हातातले फोन निघाले होते, त्यांना खांब लागतो. कंपनीचा एक गोरा इंजिनियर आला, बेटभर फिरला, म्हणाला, सगळ्यात उंच जागा दाखवा. आपलं बेट म्हणजे ताटासारखं सपाट. एकच टेकाड, तेही माडाच्या अर्ध्या उंचीचं. आणि त्या टेकाडाच्या पायाशी कालोलाइने आत्याचं घर. खांब उभा राहिला, काकाला हेल्मेट मिळालं, कमरेचा पट्टा मिळाला. पहिल्याच दिवशी काका दहा पायऱ्या चढला असेल.

"कोण आहे रे वर?" खालून आवाज.

"मी फेलेती, आत्याबाई."

"आणि मी कुठंय?"

"तुम्ही... खाली आहात."

"मग?"

काका उतरला. इंजिनियर विचारतोय, काय झालं, पट्टा सैल आहे का, चक्कर आली का. काका म्हणाला, "आत्या आहे." इंजिनियरनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. बिचाऱ्याला आत्या म्हणजे खांबाचा एखादा भाग वाटला असणार.

चार दिवस खांब नुसताच उभा. काका डुकराचं पिल्लू घेऊन माफी मागायला गेला, चटई घेऊन गेला, पाद्र्याला घेऊन गेला. आत्यानं पिल्लू ठेवून घेतलं, चटईत दोष काढला, पाद्र्याला चहा दिला. शेवटी तिनंच तोड काढली.

"हे बघ फेलेत्या. मी बघितलं तर तू वर आहेस. मी बघितलंच नाही तर तू कुठं आहेस?"

काकानं विचार केला. "कुठंच नाही."

"मग झालं. विचारत जा, मी तोंड फिरवत जाईन."

तेव्हापासून ते सुरू झालं. काका खालून ओरडायचा, "आत्याबाई, चढू का?" आत्या बसल्या जागी चटईवर गर्रकन फिरायची, समुद्राकडे तोंड करायची आणि म्हणायची, "चढ. मी बघत नाहीये."

बघायची नाही, पण गप्प पण बसायची नाही. काका वर तारा घट्ट करतोय आणि खालून समुद्राकडे बघत आत्या विचारतेय, "वरून दिसतंय का रे, माकाच्या दारात कुणाची होडी लागलीय?"

"आत्याबाई, मी वर नाहीये."

"हो, नाहीयेस. पण दिसतंय का?"

"निळी आहे."

"निळी! म्हणजे त्याचा मेहुणा आला. मग बसला आता महिनाभर."

माका म्हणजे काकाचा शेजारी, जन्माचा मित्र. कधीही कुठंही जेवायला तयार, आणि मदतीला पण तयार, आणि त्याच्या मदतीचीच सगळ्यांना धास्ती.

मग समुद्राखालून केबल आली. मोठं जहाज आलं होतं, बेटभरची माणसं बघायला. केसाएवढी काचेची तार, जाड कवचात गुंडाळलेली, समुद्राच्या तळातून आली ती सरळ वाळूतून वर निघून एका पांढऱ्या खोलीत शिरली. काकाला त्या खोलीची किल्ली दिली. आत दोन हिरवे दिवे लागायचे, काका दिवसातून तीनदा जाऊन ते लागलेत ना बघून यायचा. आजाऱ्याला बघायला जातात तसा.

कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायला पुरुष मंडळी गोल करून बसली की काका सांगायचा, "सगळ्यात संस्कारी कोण असेल तर ही केबल. रेडिओ सगळ्यांच्या कानात शिरतो, खांब सगळ्यांच्या वर उभा राहतो. ही बघा, समुद्राच्या तळाला जाऊन पडलीय. राजाच्या खाली, पाद्र्याच्या खाली, आत्याच्या तर किती खाली. कुणाला म्हणून तिचा अपमान वाटायचा नाही."

माका विचारायचा, "आणि माशांना?"

"माशांना आत्या नसते."

"कशावरून?"

यावर ते तासभर भांडायचे.

काकाची मुलगी लाविनिया ऑकलंडला शिकली आणि तिथंच तिचं लग्न ठरलं. मुलगा आपलाच, टोंगाचा. सेइनीकाकू महिनाभर आधी आहेराच्या चटया घेऊन तिकडं गेली. काका आणि आत्या मागनं जाणार होते, पण आत्या विमानात बसेना. म्हणाली, "विमान चर्चच्या वरून जातं ना? मग मी देवाच्या डोक्यावरून जाऊ?" लाख समजावलं. नाहीच. आणि आत्या नाही म्हणजे काका पण नाही, कारण आत्याच्या कानाला फोन कोण लावणार.

लाविनिया फोनवर रडली. म्हणाली, "बाबा, तुम्ही आला नाहीत तर मी सोसेन. पण आत्याआजीचा शब्द पाहिजे. तिनं बोलल्याशिवाय मी चर्चच्या दारातून आत पाऊल टाकणार नाही. तिकडचे सासरचे सगळे बघणार, हिच्या मागं आत्या आहे की नाही."

"शनिवारी अकराला," काका म्हणाला, "तुझ्या कानात आत्या. माझा शब्द, ओव्हर."

शब्द दिला तो दिला, आणि त्याच आठवड्यात वादळ आलं. खांब असा वाकला की टोक आत्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. आत्या म्हणाली, "बघा, शेवटी खाली आलाच." आणि वादळात समुद्राच्या तळाला काय सरकलं कुणास ठाऊक, केबल पण तुटली. पांढऱ्या खोलीतले दोन्ही दिवे गेले. काका तिथं दारात बसून राहिला. संस्कारी माणसंच आधी जातात, असं काहीतरी पुटपुटत होता.

लग्नाला चार दिवस राहिले आणि बोटीनं खोकं आलं. कंपनीनं पाठवलेली एक पांढरी चपटी थाळी. तिला खांब नको, केबल नको, ती सरळ आकाशातल्या उपग्रहांशी बोलते म्हणे. फक्त वर आकाश मोकळं पाहिजे. आता गंमत अशी की थाळीला वीज लागते आणि बेटावर धड राहिलेली बॅटरी एकच, खांबाची, म्हणजे आत्याच्या घराला लागून. थाळीची तार वीस पावलांची. आणि वीस पावलांत सगळीकडं नीरफणसाची झाडं, नुसती दाट पानं. आकाश मोकळं फक्त आत्याच्या छपरावर.

काका गेला, हेल्मेट काढलं, खाली बसला, सगळं सांगितलं.

"छपरावर म्हणजे माझ्या डोक्यावर," आत्या म्हणाली.

"तुम्ही तोंड फिरवाल ना, नेहमीसारखं?"

"तू चढायचास अर्ध्या तासासाठी, तेवढं मी फिरवत होते. ही बसणार दिवसरात्र. मी काय जन्मभर समुद्राकडं बघत राहू? जेवू केव्हा? भांडू कुणाशी?"

"लाविनियासाठी, आत्याबाई. शनिवारपुरतं."

"पोरीला आशीर्वाद मी देणार, मानानं देणार. भाच्यानं माझ्या डोक्यावर थाळी मांडली आणि तिच्याखाली बसून मी आशीर्वाद दिला, तर त्या आशीर्वादात मान कुठला राहिला? बिनमानाचा आशीर्वाद देऊन पोरीला फसवू?"

आणि खरं होतं ना ते. अंगणात कुठं पानांतून फट सापडली तरी थाळीला खाली पाय, आणि आत्या मानाचं बोलणार ते जमिनीवर चटईवर बसूनच. उभं राहून बोलायचं ते निरोप्यानं. बसली की आत्या थाळीपेक्षा खाली.

काका दोन दिवस दोरी घेऊन उंची मोजत फिरत होता. आत्याच्या डोक्याची उंची मोजायची म्हणजे डोक्याजवळ हात न्यायला नको, म्हणून लांबून एक डोळा मिटून मोजायचा. आत्या म्हणाली, "माझ्या पेटीचं माप घेतोयस का रे?"

गुरुवारी त्याला सुचलं. आत्याच्या मागच्या अंगणात उमू होतं, म्हणजे जमिनीतला खड्डा, त्यात तापलेले दगड टाकून वर पानं आणि माती घालून डुक्कर भाजतात ते. आत्या एकटी झाल्यापासून स्टोव्हवर भागवायची, खड्डा कोरडा पडलेला. आणि बरोबर त्याच्या डोक्यावर झाडांमध्ये एक भोक, इतक्या वर्षांच्या धुरानं पानंच धरत नव्हती तिथं. काकानं खड्ड्यात थाळी ठेवली. थाळी खाली, आत्या वर, मधे कुणाचा अपमान नाही. भोकातून आकाश लख्ख.

शुक्रवारी काकूला फोन लावला. लागला.

"अहो, आवाज किती छान येतोय! कुठून बोलताय?"

"भट्टीतून, ओव्हर."

काका इतका खूष की माकाकडं जाऊन मिठी मारून आला. मिठी मारली, पण थाळीचं सांगितलं नाही. तिथंच घात झाला.

कारण शनिवारी आपल्या बेटावर पण जेवण होतं. मुलगी तिकडं लग्न करते म्हणून इकडची माणसं उपाशी बसणार की काय? सात डुकरं होती आणि गावातले उमू पुरेनात. माकाला आठवलं, आत्याचा खड्डा रिकामाच आहे. सकाळी काका बॅटरी पुसत होता, आत्या आत मानाच्या प्रसंगी कमरेला गुंडाळायची ठेवणीतली चटई बांधत होती, आणि मागच्या बाजूनं माका लाकडं घेऊन शिरला.

साडेदहाला काका मागं गेला. खड्ड्यातून धूर येत होता. त्यावर मातीचा ढीग, आणि ढिगाशेजारी माका हात झटकत उभा, चेहऱ्यावर पुण्य केल्याचा भाव.

"माका." काकाचा आवाज असा की कुत्रं उठून गेलं. "खड्ड्यात काय आहे?"

"डुक्कर."

"त्याच्या खाली?"

"दगड."

"त्याच्या खाली?"

"पृथ्वी. काय झालं काय तुला?"

"पांढरी थाळी होती तिथं!"

"हां, ती!" माका खूष. "ती काढली की मी. छान आहे रे. परदेशी आहे का? खाली एक शेपटी होती, ती उपटून ठेवलीय. थाळी दुसऱ्या, भाजून झालेल्या डुकराला लागली."

नीरफणसाच्या झाडाखाली केळीच्या पानावर थाळी, आणि थाळीवर एक भाजलेलं डुक्कर, तोंडात पपई, आकाशाकडं बघत. काका डुकरापुढं गुडघ्यावरच बसला. मग दोघांनी डुक्कर उतरवलं. काकानं आपल्या लग्नातल्या शर्टानं थाळी पुसली. माका म्हणाला, "बाजूची चरबी तरी ठेव." काकानं तीही पुसून काढली.

शेपटी परत लावली. बारका दिवा लागला. म्हणजे जिवंत होती. पण ठेवणार कुठं? खड्डा पेटलेला. बाजूला ठेवली की पानं आड येतात. काकानं थाळी हातात घेतली, छातीशी धरली, काही नाही. खांद्याशी, काही नाही. डोक्याच्या वर धरली आणि लगेच फोनवर चार काड्या उभ्या राहिल्या.

आणि समोर, मागच्या दारात, आत्या येऊन चटईवर बसलेली.

काकानं चटकन हात खाली घेतले. काड्या गेल्या. अकराला सहा मिनिटं.

"वर धर की रे," माका कुजबुजला.

"तू धर."

"मी? माझ्या आईची आई तिची मावस..." माकाचं पण काहीतरी नातं निघालं. टोंगात निघतंच. कुणीच उरत नाही थाळी धरायला.

फेलेतीकाका तिथं धुरात उभा होता, हातात तेलकट थाळी, डोळ्यातून पाणी. धुराचं म्हणाला नंतर. म्हणाला, "आत्याबाई, मी पोरीला शब्द दिलाय. ती तिकडं दाराबाहेर उभी आहे. मी चार दिवस तुमच्या खालची जागा शोधली, आता खालची जागा उरली नाही. काय करू सांगा."

आत्यानं खड्ड्याकडं बघितलं, डुकराकडं बघितलं, माकाकडं तर असं बघितलं की तो झाडामागं गेला. मग म्हणाली, "ती इकडं आण."

काका वाकून थाळी घेऊन गेला.

"माझ्या डोक्यावर तू काही ठेवायचं नाहीस. माकानं नाही, कंपनीनं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मी ठेवलं तर?"

काकानं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"डोकं कुणाचं?" आत्यानं कमरेच्या चटईवरचं फडकं सोडलं, त्याची चुंबळ केली, डोक्यावर बसवली. "माझंच डोकं, माझाच हात. टोपी घातली तर टोपी काय माणसाच्या वरची होते होय?" आणि पंच्याऐंशी वर्षांची ती बाई हात टेकून उभी राहिली. मानाचं बोलणं बसून करायचं, पण त्या दिवशी राहिली. चार पावलं चालून खड्ड्याच्या काठाशी, भोकाखाली गेली आणि दोन्ही हातांनी थाळी डोक्यावर घेतली.

चार काड्या.

काका तिच्या पायाशी गुडघ्यावर. तिच्यापेक्षा वर जायला नको, म्हणून तिथूनच हात ताणून फोन तिच्या तोंडासमोर धरलेला. घंटी वाजली एकदा, दोनदा.

"आत्याआजी?" लाविनियाचा आवाज. मागं ऑकलंडची सगळी माणसं कान देऊन.

आत्याला दूर बोलायचं म्हणजे एकच पद्धत माहीत, जुन्या रेडिओची. खणखणीत आवाजात सुरू झाली. "ऑकलंडच्या लाविनियासाठी निरोप! पाठवणारी फोनुआसीची कालोलाइने, तुझ्या आजोबाची बहीण. मी उभी आहे. डोक्यावर टोपी आहे. तुझा बाप रडतोय, धुरामुळं. डुक्कर चांगलं भाजलंय. तू माझ्या घराण्याची आहेस आणि तुझ्यामागं मी आहे, हे तिथं जमलेल्या सगळ्यांनी ऐकावं. जा आत. नवऱ्याला धाकात ठेव. सगळे खुशाल."

पलीकडं आधी हुंदका, मग मोठा हशा, मग टाळ्या. थाळी जरा कलली आणि आवाज तुटायला लागला. "हलू नका, आत्याबाई!" काका ओरडला. जन्मात पहिल्यांदा आत्याला कुणी असं ओरडलं. आणि आत्या हलली नाही. चर्चमधलं गाणं सुरू झालं, शपथा झाल्या, अंगठी झाली, एवढा वेळ ती कोंबडीएवढी बाई डोक्यावर थाळी घेऊन खांबासारखी उभी. माकानं झाडामागून विचारलं, "आत्याबाई, डुकराचा कान आणू का खायला?" ती म्हणाली, "आण."

त्या दिवसानंतर थाळी गेली आत्याच्या छपरावर. आता ती आत्याची टोपी होती, कंपनीची नव्हती, त्यामुळं हरकत नव्हती. कंपनीला तसं कळवलं. कंपनीनं काही उत्तर दिलं नाही. पण छपरावर पानं पडायची, पक्षी घाण करायचे, म्हणजे काकाला शिडी लावून चढणं आलंच. आणि चढणं आलं म्हणजे विचारणं आलं. खांब नसला तरी ते काही सुटलं नाही.

केबल पुढं जोडली. हिरवे दिवे परत लागले. कंपनीचा एक पोरगेला इंजिनियर आला, सांगत होता की आता पुढं थाळी पण नको, हातातला फोनच थेट आकाशाशी बोलणार. खांब नको, खोली नको, चढायला माणूस नको. कावा पिताना काकानं वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "सगळं वरच्या वर होणार म्हणजे. चांगलंय. पण मग विचारणार कोण, आणि कुणाला?"

माका म्हणाला, "उपग्रहांना आत्या नसते."

"कशावरून?" काका म्हणाला, आणि परत तासभर भांडले.

या वर्षी काका गेला. पांढऱ्या खोलीच्या दारात बसल्या बसल्या गेला, किल्ली हातात. दिवे दोन्ही लागलेले होते, ते आधी बघून घेतलेलं दिसतंय त्यानं.

माणूस गेला की त्याच्या उशाशी बसायचा मान सगळ्यात वरच्या नातेवाइकाचा. कालोलाइने आत्या बसली. अठ्ठ्याऐंशीची झालीय. दोन दिवस उठली नाही. लाविनिया बाळंतपणामुळं येऊ शकली नाही, तिला फोनवरून सगळं दिसत होतं, आत्याच्या टोपीतून. मुलगा झाला. नाव आत्यानंच ठेवलंय, फेलेती, आणि लाविनियाला बजावलंय की नवऱ्याला ठेवू देऊ नकोस.

पेटी स्मशानात नेली. आपलं स्मशान त्याच टेकाडावर, वाळूचं. आत्याला दोघांनी उचलून आणलं, खाली चटई टाकून बसवलं. पेटी खाली ठेवायची वेळ झाली. पाद्री पण थांबला, कारण आत्यानं हात वर केला होता. वारा पडलेला.

काका विचारू शकत नव्हता. पण आत्या वाट बघत होती असं वाटलं. मग ती चटईवर बसल्या बसल्या हळूहळू फिरली, दोन्ही हात टेकत टेकत, समुद्राकडं तोंड केलं.

"चढ, फेलेत्या. मी बघत नाहीये."

वाळू टाकून होईपर्यंत तिनं मान वळवली नाही. काकू माझा हात धरून उभी होती. वाळू झाली, चटया अंथरून झाल्या, फुलं झाली. तरी आत्या समुद्राकडंच. मग मोठ्यानं म्हणाली, "वरून दिसतंय का रे काही?"

आत्या थांबली. परत कान लावून थांबली.

माका मागून पुढं आला, तिच्याशेजारी खाली बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आत्याबाई, नुसतं विचारून नाही बोलणार तो. शेवटी ओव्हर म्हणायला लागतं."

"हां," आत्या म्हणाली. "खरंच की." आणि समुद्राकडं बघत, जुन्या रेडिओच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "ओव्हर."